पारदर्शक सिरॅमिक : चिमूटभर पूरकाचा हिशेब

दुचाकीच्या स्पार्क प्लगवरील पांढरीशुभ्र नळी आणि महागड्या मनगटी घड्याळावरील, सहसा ओरखडा न उमटणारी काच या दोन वस्तू मूलतः एकाच द्रव्याच्या आहेत, हे सांगितले तर सहजासहजी पटत नाही. दोहोंचा मुख्य घटक ॲल्युमिना, म्हणजेच ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. माणिक आणि नीलम ही रत्नेही याच द्रव्याची. त्यांचा रंग तेवढा त्यात मिसळलेल्या अन्य मूलद्रव्यांच्या अंशामुळे येतो. घड्याळावरची काच ही खरे तर काच नसून ॲल्युमिनाचा एकसंध स्फटिक असतो. स्पार्क प्लगवरील नळी मात्र त्याच द्रव्याची भुकटी दाबून आणि भाजून घडवलेली असते. पहिल्या वस्तूतून प्रकाश आरपार जातो, दुसरीपाशी तो अडतो.

भाजून घडवलेल्या अशा वस्तूला, म्हणजे सिरॅमिकला, स्फटिकासारखी पारदर्शकता आणता येईल काय, हा प्रश्न पदार्थविज्ञानाने विसाव्या शतकाच्या मध्यास गांभीर्याने हाती घेतला. त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले आणि ते मिळवून देण्यात सर्वांत मोठा वाटा अत्यल्प प्रमाणात मिसळलेल्या परक्या द्रव्यांचा होता. या द्रव्यांना सिंटरिंगची पूरके म्हणतात. किलोभर भुकटीत दोन-अडीच ग्रॅम, कधी त्याहूनही कमी, इतकीच त्यांची मात्रा. ती योग्य असेल तर अपारदर्शक वस्तू प्रकाशाला वाट देते. चुकली तर आधी जे थोडेफार दिसत होते तेही दिसेनासे होते. रस्त्यावरचे दिवे, लेसर यंत्रे, लष्करी वाहनांच्या खिडक्या आणि दातांवर बसवल्या जाणाऱ्या कॅप या सर्वांच्या गुणवत्तेशी हा हिशेब निगडित आहे.

पांढरेपणा येतो कोठून?

मिठागरातला मोठा, स्वच्छ खडा बऱ्याच अंशी पारदर्शक असतो. तोच कुटला की पांढरी पूड होते. मीठ बदललेले नसते, बदललेली असते ती रचना. पुडीत मिठाचे कण आणि त्यांच्यामधील हवा यांच्या असंख्य सीमा तयार होतात आणि प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा परततो, थोडा वळतो. अशा हजारो वळणांनंतर त्याला मूळ दिशा उरत नाही. सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरला गेल्याने डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. लाटेच्या फेसाचा पांढरेपणा याच जातीचा. उलटपक्षी, पांढरे सुती कापड ओले झाले की त्यातून पलीकडचे दिसू लागते, कारण धाग्यांमधील हवेची जागा पाण्याने घेतलेली असते आणि पाण्याचा अपवर्तनांक धाग्याच्या अपवर्तनांकाला हवेपेक्षा पुष्कळच जवळचा असतो.

सिरॅमिकमध्ये प्रकाश विखुरणाऱ्या गोष्टी प्रामुख्याने तीन. पहिली आणि सर्वांत उपद्रवी म्हणजे छिद्रे. ॲल्युमिनाचा अपवर्तनांक सुमारे १.७६ आणि छिद्रातील पोकळीचा १. ही तफावत फार मोठी आहे. त्यातच छिद्राचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असेल, तर विखुरणे कमालीचे वाढते. साध्या गणिताने हे स्पष्ट होते. एखाद्या सिरॅमिकच्या आकारमानात छिद्रांचा वाटा केवळ ०.०१ टक्के आहे आणि प्रत्येक छिद्राचा व्यास अर्धा मायक्रोमीटर आहे असे धरले, तर त्याच्या एका घनमिलिमीटरात सुमारे पंधरा लाख छिद्रे भरतात. बांधकामात किंवा यंत्रभागात ९९ टक्के घनता उत्तम मानली जाते. पारदर्शकतेसाठी ती निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे परकी संयुगे. मुख्य द्रव्यापेक्षा वेगळ्या अपवर्तनांकाचे एखादे संयुग कणांच्या सीमांवर साचले की तेही प्रकाश विखुरते. तिसरी गोष्ट द्रव्याच्या स्वभावातच असते. ॲल्युमिनाच्या स्फटिकात प्रकाशाचा वेग दिशेनुसार किंचित बदलतो; त्याचे दोन अपवर्तनांक साधारण १.७६८ आणि १.७६० आहेत. सिरॅमिकमधील स्फटिककण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असल्याने एका कणातून दुसऱ्यात जाताना प्रकाश दर वेळी थोडासा ढळतो. ज्या द्रव्यांची स्फटिकरचना घनाकृती असते त्यांच्यात हा दोष नसतो. म्हणूनच पुढे स्पिनेल, इट्रिया आणि इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट ही घनाकृती रचनेची द्रव्ये पारदर्शक सिरॅमिकच्या अभ्यासात अग्रस्थानी आली.

सर्व दोष दूर केले तरी शंभर टक्के प्रकाश पलीकडे जात नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. पृष्ठभागावरील परावर्तन अटळ असते. ॲल्युमिनाच्या तावदानाच्या दोन्ही बाजूंवर मिळून सुमारे १४ टक्के प्रकाश परततो. त्यामुळे विशेष लेप न दिलेल्या ॲल्युमिनातून सुमारे ८६ टक्के प्रकाश जाणे हीच परिपूर्णता होय.

भट्टीत काय घडते?

सिंटरिंग म्हणजे भुकटीचे कण वितळू न देता, उष्णतेच्या बळावर त्यांना एकमेकांशी जोडणे. ॲल्युमिना सुमारे २०५० अंश सेल्सिअसला वितळते. सिंटरिंग त्याच्या बरेच खाली होते. उष्णतेमुळे अणू जागा बदलू लागतात. कण जेथे एकमेकांना टेकलेले असतात तेथे मान तयार होते, ती रुंदावते, मधल्या पोकळ्या आक्रसत जातात आणि संपूर्ण वस्तू आकाराने लहान व घट्ट होते. कुंभाराच्या भट्टीतही हे काही प्रमाणात घडते. मात्र तेथे मातीतील काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि कणांना चिकटवतो. पारदर्शक सिरॅमिकमध्ये अशी काच शेवटी शिल्लक राहून चालत नाही.

अखेरच्या टप्प्यात खरी शर्यत सुरू होते. एकीकडे छिद्रे आक्रसत असतात, दुसरीकडे स्फटिककण वाढत असतात. मोठे कण लहान कणांना गिळत जातात आणि त्यांच्यामधील सीमा सरकत राहते. छिद्र जोवर कणसीमेवर असते तोवर ते बुजण्याची आशा असते, कारण अणूंची ये-जा मुख्यतः सीमेवरूनच वेगाने होते. सीमा छिद्राला मागे टाकून पुढे निघून गेली, तर ते छिद्र कणाच्या पोटात अडकते. तेथून सीमेपर्यंतचे अंतर अणूंच्या मानाने प्रचंड असल्यामुळे भट्टी कितीही वेळ पेटती ठेवली तरी ते बुजत नाही. काही कण तर अचानक अवाढव्य वाढतात आणि शेकडो छिद्रांना आपल्या पोटात घेतात. शुद्ध ॲल्युमिना तापवले असता नेमके असेच घडत असे आणि घनता एका मर्यादेपुढे जात नसे.

स्केनेक्टडीचा शोध

ही कोंडी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत फुटली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे काम करणाऱ्या रॉबर्ट कोबल यांना असे आढळले, की ॲल्युमिनाच्या शुद्ध, बारीक भुकटीत मॅग्नेशियाची, म्हणजे मॅग्नेशियमच्या ऑक्साइडची, पाव टक्क्याच्या आसपास भर घातली असता स्फटिककणांची बेफाम वाढ थांबते आणि छिद्रे जवळजवळ पूर्णपणे नाहीशी होतात. एक किलो भुकटीमागे हे प्रमाण अडीच ग्रॅम भरते. या सिरॅमिकला ‘ल्युकालॉक्स’ असे व्यापारी नाव मिळाले. १९५९ साली त्याची जाहीर घोषणा झाली आणि १९६२ साली त्याचे पेटंट कोबल यांच्या नावे नोंदले गेले.

या यशात आणखी एका गोष्टीचा वाटा होता. भाजण्याचे काम साध्या हवेत न करता हायड्रोजन वायूत किंवा निर्वात भट्टीत करण्यात आले. छिद्र बंद होताना त्यात अडकलेला वायू बाहेर पडू शकला नाही तर तोच छिद्राला आतून धरून ठेवतो. हवेतील नायट्रोजन ॲल्युमिनातून सहज निसटत नाही. हायड्रोजन निसटू शकतो. एकटे मॅग्नेशिया किंवा एकटा हायड्रोजन पुरेसा ठरला नसता. दोहोंचा मेळ बसला तेव्हाच प्रकाशाची वाट मोकळी झाली.

या शोधाला लगेच काम मिळाले ते रस्त्यावर. सोडियम बाष्पाचा दिवा तेव्हाही अस्तित्वात होता. पण कमी दाबाच्या त्या दिव्याचा प्रकाश निव्वळ पिवळा असे आणि त्यात रंग ओळखू येत नसत. बाष्पाचा दाब व तापमान वाढवले तर प्रकाशाचा पट रुंदावतो, हे संशोधकांना ठाऊक होते. अडचण होती ती भांड्याची. तापलेले सोडियम बाष्प काचेला आणि क्वार्ट्झलाही खाऊन टाकते. ल्युकालॉक्सच्या नळीने मात्र हजार अंशांहून अधिक तापमानाला ते बाष्प वर्षानुवर्षे धरून ठेवले. १९६० च्या दशकाच्या मध्यास उच्च दाबाचा सोडियम दिवा बाजारात आला. वॅटमागे सुमारे शंभर ल्युमेन प्रकाश देणारा हा दिवा जगभरच्या रस्त्यांवर पसरला. भारतातील शहरांत आणि महामार्गांवर एलईडी येण्यापूर्वी जो सोनेरी-पिवळा उजेड रात्रभर दिसे, त्याच्या केंद्रस्थानी बोटाएवढी, दुधी रंगाची ॲल्युमिनाची नळी होती.

ती नळी दुधी होती, पूर्ण पारदर्शक नव्हती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तिच्यातून नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश बाहेर पडत असे, पण विखुरलेल्या स्वरूपात. तिच्या पलीकडे ठेवलेली अक्षरे वाचता आली नसती. छिद्रे गेली तरी स्फटिकाच्या दोन अपवर्तनांकांचा दोष उरला होता. दिव्याला त्याने काही फरक पडला नाही. खिडकीला पडला असता. प्रकाश एकूण किती पलीकडे जातो आणि त्यातला सरळ रेषेत किती जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या सिरॅमिकच्या पारदर्शकतेचा आकडा वाचताना तो या दोहोंपैकी कशाचा, हे पाहिल्यावाचून त्याला अर्थ नसतो.

मात्रेचे गणित

मॅग्नेशिया नेमके करते काय, यावर पुढे अनेक वर्षे वाद झडले. अतिरिक्त मॅग्नेशियाचे बारीक कण कणसीमांना पाचरीसारखे अडवतात, अशी आरंभीची एक कल्पना होती. पुढील अभ्यासातून असे दिसले, की ते ॲल्युमिनात विरघळलेले असतानाही प्रभावी असते. मॅग्नेशियमचे अणू कणसीमांपाशी गोळा होतात आणि त्या सीमांना जणू ओझे होऊन त्यांची गती मंदावतात. त्यामुळे सीमा छिद्राला सोडून पळत नाही. शिवाय सर्व सीमांची गती सारखी होऊ लागल्याने एखाद्याच कणाला अवाढव्य वाढण्याची संधी मिळत नाही.

त्याचे तिसरे काम अशुद्धी आवरण्याचे. ॲल्युमिनाच्या भुकटीत सिलिका आणि कॅल्शियमचे ऑक्साइड लेशमात्र असतेच. ही दोन्ही कणसीमांवर पातळ द्रवरूप थर तयार करतात आणि त्या थराच्या आधाराने काही कण भरमसाट वाढतात. मॅग्नेशिया या अशुद्धींचा दुष्परिणाम बऱ्याच अंशी निकामी करते. म्हणूनच पूरकाची योग्य मात्रा भुकटीच्या शुद्धतेवर अवलंबून असते. एका कारखान्यात उत्तम ठरलेले प्रमाण दुसऱ्या खाणीच्या, दुसऱ्या प्रक्रियेच्या भुकटीला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

अधिक घातले तर काय होते? भट्टीच्या तापमानालाही ॲल्युमिनात मॅग्नेशिया विरघळण्याची मर्यादा दशलक्ष भागांत काही शे भाग इतकीच आहे. त्यापलीकडचे मॅग्नेशिया ॲल्युमिनाशी संयोग पावून स्पिनेल हे वेगळे संयुग बनवते. स्पिनेलचा अपवर्तनांक सुमारे १.७२, म्हणजे ॲल्युमिनाहून कमी. त्याचे कण सीमांवर दिसू लागले की प्रकाश पुन्हा विखुरू लागतो. ज्या द्रव्याने छिद्रांचा अडथळा दूर केला, तेच आता स्वतः अडथळा होऊन बसते. कमी मात्रेत छिद्रे राहतात, अधिक मात्रेत परके संयुग राहते. या दोन टोकांच्या मधली पट्टी अरुंद असते आणि तापमान व वेळ बदलली की तीही सरकते.

काम संपताच निघून जाणारे पूरक

मॅग्नेशिया वस्तूतच मुरून राहते. याउलट काही पूरकांनी काम संपताच निघून जावे अशी अपेक्षा असते. स्पिनेलच्या सिंटरिंगमध्ये वापरले जाणारे लिथियम फ्लोराइड हे त्याचे ठळक उदाहरण. वर ॲल्युमिनात अडथळा ठरलेले स्पिनेल, म्हणजे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे संयुक्त ऑक्साइड, स्वतंत्रपणे मात्र उत्तम पारदर्शक द्रव्य आहे. त्याची स्फटिकरचना घनाकृती असल्याने जाड तावदानही स्वच्छ होऊ शकते. दृश्य प्रकाशाबरोबरच अवरक्त किरणांचा मोठा पट्टाही त्यातून जातो. त्यामुळे उष्णतेवरून वेध घेणाऱ्या उपकरणांच्या खिडक्या आणि गोळीरोधक तावदाने यांसाठी त्याला मागणी आहे.

स्पिनेलच्या भुकटीत एक टक्क्याच्या आसपास लिथियम फ्लोराइड मिसळून ती ग्रॅफाइटच्या साच्यात, दाबाखाली तापवली जाते. हे पूरक ८४८ अंशांना वितळते. त्याच्या द्रवामुळे कण एकमेकांवरून सरकून घट्ट बसतात आणि अणूंची ये-जा वेगाने होते. ग्रॅफाइटच्या साच्यातून आत शिरणारा कार्बन तावदानाला काळसर छटा देतो. त्याला बाहेर काढण्यासही फ्लोराइड मदत करते. तापमान आणखी वाढले की हे पूरक वाफ होऊन निघून जाते.

धोका आहे तो वेळेचा. बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असेपर्यंतच ते गेले पाहिजे. भट्टी घाईने तापवली आणि छिद्रांची तोंडे आधीच बंद झाली, तर पूरकाचे अवशेष आत अडकतात. मोठ्या तावदानांत हा दोष विशेष दिसतो. कडा स्वच्छ आणि मध्यभाग मात्र धुरकट, असे चित्र निर्माण होते, कारण मध्यभागातून बाहेर पडण्याचे अंतर सर्वांत अधिक असते. शिवाय या पूरकामुळे स्फटिककण मोठे होतात आणि कणसीमा कमकुवत पडतात. घड्याळाच्या काचेत हे कदाचित खपेल. ज्या खिडकीमागे माणूस बसलेला आहे तिच्यात ते खपवून घेता येत नाही. त्यामुळे पूरकाशिवाय स्पिनेल पारदर्शक करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. भारतातही हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन केंद्रात स्पिनेलवर काम झाले आहे. भुकटी द्रवात एकसारखी मिसळून तिला आकार द्यायचा आणि मग उष्णता व दाब एकत्रितपणे वापरून ती पारदर्शक करायची, अशी ही पद्धत आहे. भुकटी जितकी बारीक, शुद्ध आणि एकसारखी रचलेली, तितकी पूरकाची गरज कमी, हे त्यामागील तत्त्व.

लेसरची कठोर परीक्षा

खिडकीपेक्षाही कठोर परीक्षा लेसरची. लेसरच्या माध्यमातून प्रकाश पुनःपुन्हा ये-जा करतो, त्यामुळे नगण्य वाटणारा दोषही अनेक पटींनी जाणवतो. निओडिमियम मिसळलेले इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, म्हणजे संक्षेपाने ‘याग’, हे लेसरचे सर्वाधिक वापरातील माध्यमांपैकी एक. त्याचे एकसंध स्फटिक वितळलेल्या द्रवातून अतिशय मंद गतीने ओढून काढावे लागतात. एका स्फटिकाला आठवडे लागतात आणि त्याच्या आकाराला मर्यादा येते.

१९९५ साली जपानमधील अकियो इकेसुए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच द्रव्याच्या सिरॅमिकमधून, एकसंध स्फटिकाच्या तोडीचा लेसर मिळवून दाखवला. त्यांच्या पद्धतीत पूरक होते सिलिका. प्रमाण सुमारे अर्धा टक्का. ती भुकटीच्या रूपात न टाकता टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट या द्रवाच्या रूपात घातली जाते. यामागे व्यवहारज्ञान आहे. किलोभर भुकटीत पाच ग्रॅम कोरडी पूड समप्रमाणात पसरणे कठीण; द्रव मात्र प्रत्येक कणाला स्पर्श करतो. मात्रा सरासरीने बरोबर असून भागत नाही, ती प्रत्येक ठिकाणी बरोबर असावी लागते.

ॲल्युमिनात उपद्रवी ठरणारी सिलिका यागमध्ये साहाय्यक ठरते, ही बाब विचार करण्याजोगी आहे. येथे ती उच्च तापमानाला अल्पसा द्रव निर्माण करते, छिद्रे बुजण्यास मदत करते आणि नंतर बऱ्याच अंशी स्फटिकात सामावते. प्रमाण वाढले तर कणसीमांवर तिचा थर उरतो आणि प्रकाश विखुरतो. कोणतेही द्रव्य स्वभावतःच चांगले किंवा वाईट पूरक नसते. ते कोणत्या यजमान द्रव्यात शिरते यावर त्याची भूमिका ठरते.

सिलिकॉनच्या अणूचा विद्युतभार ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा एकाने अधिक, तर मॅग्नेशियम व कॅल्शियमचा एकाने कमी असतो. ॲल्युमिनियमच्या जागी असा अणू बसला की भाराचा तोल बिघडतो आणि तो सावरण्यासाठी स्फटिकात रिक्त जागा किंवा अन्य दोष निर्माण होतात. अणूंची ये-जा या रिक्त जागांमुळे सुकर होते. पण काही दोष प्रकाश शोषून घेतात आणि सिरॅमिकला नको असलेली छटा येते. निर्वात भट्टीतून काढलेले यागचे तुकडे अनेकदा पुन्हा हवेत तापवावे लागतात ते ऑक्सिजनची उणीव भरून काढून ही छटा घालवण्यासाठी. कधी हाच बिघडलेला तोल उपयोगीही पडतो. चार भार असलेल्या क्रोमियमची ज्या यागमध्ये गरज असते, तेथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम पूरक म्हणून घातले की सिंटरिंगही साधते आणि भाराचा समतोलही साधतो.

थोरियाचा मोह

पूरकाची निवड केवळ प्रकाशाच्या निकषावर करता येत नाही, याचा धडा इट्रियाच्या इतिहासात आहे. जनरल इलेक्ट्रिकच्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात इट्रियामध्ये सुमारे दहा टक्के थोरिया घालून ‘इट्रालॉक्स’ नावाचे अत्यंत स्वच्छ सिरॅमिक बनवण्यात आले. निओडिमियम मिसळलेल्या इट्रालॉक्समधून १९७३ साली लेसरही मिळवण्यात आला. प्रकाशाच्या दृष्टीने थोरिया उत्तम पूरक होते. पण थोरियम किरणोत्सारी आहे. त्याची भुकटी हाताळणाऱ्या कामगाराचा, तुटलेल्या तुकड्यांच्या विल्हेवाटीचा आणि वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. पुढे लँथेनमचे ऑक्साइड आणि झिर्कोनिया यांनी त्याची जागा घेतली आणि इट्रिया किरणोत्साराविना पारदर्शक होऊ लागले.

दाताची कॅप : दिसणे की टिकणे?

सर्वसामान्य वाचकाच्या सर्वांत जवळ येणारे उदाहरण दंतवैद्यकातील आहे. दातावर बसवल्या जाणाऱ्या अनेक कॅप आज झिर्कोनियाच्या असतात. झिर्कोनिया स्थिर राहावे म्हणून त्यात इट्रिया मिसळतात. ते स्थिरीकारक होय. त्याखेरीज पाव टक्का ॲल्युमिनाही सुरुवातीच्या प्रकारांत घातले जाई. या ॲल्युमिनामुळे सिंटरिंगला साहाय्य होई आणि तोंडातील ओलाव्याने झिर्कोनियाची होणारी झीज मंदावे.

प्रकाशाच्या दृष्टीने मात्र हे गैरसोयीचे होते. झिर्कोनियाचा अपवर्तनांक २.२ च्या आसपास आणि ॲल्युमिनाचा १.७६, ही तफावत मोठी असल्याने ॲल्युमिनाचा प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. परिणामी कॅप मजबूत, पण खडूसारखी पांढरी दिसे. नैसर्गिक दाताची किंचित दुधी झळाळी तिच्यात नसे. पुढच्या प्रकारांत ॲल्युमिनाचे प्रमाण ०.०५ टक्क्यापर्यंत, म्हणजे किलोमागे अर्ध्या ग्रॅमवर आणण्यात आले आणि अर्धपारदर्शकता वाढली.

त्यानंतरचे पाऊल इट्रियाचे प्रमाण ३ वरून ५ मोल टक्क्यांपर्यंत नेण्याचे. त्यामुळे स्फटिकांचा सुमारे निम्मा भाग घनाकृती रचनेचा होतो आणि प्रकाश अधिक सरळ जातो. किंमत मोजावी लागते ती मजबुतीत. ३ मोल टक्क्यांच्या झिर्कोनियाची वाकवण्याविरुद्धची ताकद साधारण १००० मेगापास्कल किंवा त्याहून अधिक असते. ५ मोल टक्क्यांच्या प्रकारात ती ५०० ते ८०० मेगापास्कलपर्यंत उतरते. तडा जाताना झिर्कोनियाची रचना बदलून तो तडा रोखला जातो, हा या द्रव्याचा विशेष गुण. घनाकृती भागात तो उरत नाही. म्हणून समोरच्या, दिसणाऱ्या दातांसाठी एक प्रकार आणि चावण्याचा सर्वाधिक भार घेणाऱ्या दाढांसाठी दुसरा, अशी निवड करणे श्रेयस्कर ठरते. ‘झिर्कोनियाची कॅप’ एवढेच नाव पुरेसे नसून तिचा प्रकार कोणता, हा प्रश्न रुग्णाने दंतवैद्यास अवश्य विचारावा.

पुढची दिशा

या सर्व उदाहरणांतून पूरकाविषयीचे काही नियम हाती लागतात. ते मुख्य द्रव्यात पूर्णपणे विरघळावे किंवा वेळेत पूर्णपणे निघून जावे. अर्धवट मागे राहिलेले पूरक प्रकाशाचा शत्रू ठरते. त्याने छिद्रांना सीमेपाशी धरून ठेवावे, पण स्वतः सीमेवर साचू नये. त्याच्यामुळे प्रकाश शोषणारे दोष उद्भवू नयेत, वस्तूची मजबुती घटू नये आणि हाताळणाऱ्यास अपाय होऊ नये. या सर्व अटी एकाच वेळी पुऱ्या करणारे द्रव्य क्वचितच मिळते. प्रत्यक्षातील निवड बहुधा तडजोडीचीच असते.

पूरकावरील अवलंबन घटवण्याच्या दिशेने आज बरेच काम होत आहे. सर्व बाजूंनी वायूचा हजार ते दोन हजार वातावरणांइतका दाब देऊन शेवटची छिद्रे चिरडता येतात. अतिसूक्ष्म भुकटी वापरली तर तुलनेने कमी तापमानाला काम भागते. स्फटिककण अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा लहान ठेवता आले तर ॲल्युमिनासारख्या, स्वभावतः प्रकाश ढळवणाऱ्या द्रव्यातूनही बऱ्यापैकी सरळ पाहता येते, हे सिद्ध झाले आहे. तरीही मॅग्नेशियाची ती चिमूट पूर्णपणे हद्दपार झालेली नाही.

सर्वत्र संपूर्ण पारदर्शकताच हवी असते असेही नाही. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांची जागा घेणाऱ्या पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करण्याचे काम बहुधा सीरियम मिसळलेले याग करते. अधिक शक्तीच्या दिव्यांत ते सिरॅमिकच्या चकतीच्या रूपात वापरतात. निळा आणि पिवळा प्रकाश नीट मिसळून एकसारखा पांढरा व्हावा म्हणून अशा काही चकत्यांत थोडी छिद्रे किंवा ॲल्युमिनाचे कण हेतुपुरस्सर राखले जातात. खिडकीत जो दोष, तोच दिव्यात गुण. वस्तूला कोणते काम करायचे आहे हे आधी ठरते. पूरकाची चिमूट त्यानंतर मोजली जाते.